हाकेनंतरचा कचरा

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला दोनच गोष्टी हव्या असतात. बेस आणखी वाढवून हवा असतो आणि काम काल झालेलं हवं असतं. मी तबकड्या कापते. म्हणजे कुणीतरी आपल्या खोलीत बसून संगीत बनवतं, ते मी माझ्या यंत्रावर लॅकरच्या मऊ प्लेटवर कोरते, त्या प्लेटवरून कारखान्यात धातूचा साचा होतो आणि साच्यातून तबकड्या छापून निघतात. बेस फार वाढवला की खाच रुंद होते, शेजारच्या खाचेत घुसते आणि सुई उडी मारते. हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आलाय. समोरचा मान डोलावतो आणि म्हणतो, "पटतंय ताई, पण थोडासाच वाढवा ना." थोडासाच म्हणे! माझं डोकं तिथेच फिरतं.

माझ्याकडे येतं ते सगळं हाऊस आणि गॅरेज या जातीचं नाचायचं संगीत. रेडिओवर न लागणारं, तळघरातल्या क्लबांत वाजणारं, जिथे ठोका सरळ चालता चालता मध्येच लाडानं लंगडतो तसलं. या मंडळींची एक रीत आहे. तबकडीवरचं लेबल कोरं ठेवायचं. ना नाव, ना गाव. कुणी केलंय ते विचारायचं नाही, आवडलं तर उचलायचं आणि नाचायचं. मला आधी हा शहाणपणा वाटायचा नाही. एवढं राबायचं आणि नाव लावायला लाजायचं, हे काय खूळ? पण माझा सख्खा धाकटा भाऊच या खुळात शिरला, मग बोलणार कुणाला?

त्याला आम्ही घुम्या म्हणायचो. नाव मीच ठेवलं होतं. लहानपणापासून तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा. घरी पाहुणे आले की हा पलंगाखाली. मोठा झाल्यावर "आलो", "बघतो" आणि "राहू दे" एवढ्या तीन शब्दांवर त्याचं भागायचं. मी माझ्या घरी गेले, तो आईजवळच राहिला. त्याची खोली स्वयंपाकघराला लागून. दुपारी जेवण झालं की आई ओट्यापाशी उभी राहून त्याला हाक मारायची. एका कानावरचा हेडफोन सरकवून तो आतून म्हणायचा, "आलो." आणि यायचा नाही. डाळ गार, भाजी गार, सगळं गार. मग आई कंबरेवर हात ठेवून त्याच्या दारात, "नुसतं आलो आलो म्हणतोस, येत काही नाहीस." शेवटी ती त्याचं ताट वाढून दुसऱ्या ताटानं झाकून ठेवायची. हे रोजचं. मी कधी जेवायला गेले तर हे सगळं ऐकत मुकाट्यानं हसत बसायचे.

आणि मग तो गेला. साधा ताप म्हणून पडला. ताप मेंदूत शिरला, डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं आणि शेवटी हात टेकले. त्याचं वय असं काही नव्हतंच जायचं. त्याच्या डोक्यात एक पांढरा केस नव्हता.

आई रडली, पण लोकांना वाटलं होतं तेवढी नाही. भेटायला येणाऱ्यांना तीच पाणी द्यायची, तीच म्हणायची, "बसा, उन्हातून आलात." मला वाटलं, धीराची आहे. कसला धीर! सगळे पांगल्यावर एका दुपारी तिनं मला फोन करून बोलावून घेतलं आणि आपला मोबाइल माझ्या हातात दिला.

"यात त्याचा आवाज शोधून दे."

मी शोधलं. घुम्यानं आईला पाठवलेले निरोप वरपासून खालपर्यंत पाहिले. अंगठे. नुसते अंगठे. आई विचारायची, "औषध आणशील का?" अंगठा. "पोचलास का?" अंगठा. व्हिडिओ पाहिले, तर त्यात सगळे बोलतायत आणि हा मागे उभा राहून दात दाखवतोय. एक व्हिडिओ त्यानं स्वतः काढलेला, त्यात त्याचा श्वाससुद्धा नाही.

"नाहीये गं," मी म्हटलं.

आई म्हणाली, "तू आवाजाचंच काम करतेस ना? जगातल्या सगळ्यांचे आवाज कोरून देतेस. माझ्या पोराचा एक शब्द नाही तुझ्याकडे? मला विसरायला होतंय बाई. चेहरा आठवतो, आवाज आठवायला गेलं की निसटतो."

मला बोलता आलं नाही की मी चिडते. तशीच चिडले. "मी काय आवाजांची वखार उघडलीय का?" असं म्हणून चपला घालून निघाले आणि जिन्यात बसून हमसाहमशी रडले.

मग मी त्याचा संगणक घेऊन आले आणि पालथा घातला. पण घुम्या भारी नीटनेटका. शिंपी जसा काम झाल्यावर चिंध्या झाडून टाकतो, तसा तो न वापरलेलं सगळं पुसून टाकायचा. तयार झालेली चाल तेवढी ठेवायची, बाकी साफ. माझ्या कामाच्या खोलीत तो तासन्‌तास मागच्या स्टुलावर बसायचा, पण तिथे मी काय गप्पा रेकॉर्ड करते? आणि केल्या असत्या तरी त्यात माझीच बडबड सापडली असती.

अशात दाढी आला. दाढी म्हणजे घुम्याचा एकुलता एक दोस्त. त्याचं तबकड्यांचं एवढंसं दुकान आहे, आणि घुम्याच्या तबकड्या तोच काढायचा. त्याला बोलायला कारण लागत नाही. एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं गप्प बसायचं, म्हणून त्यांचं जमलं असणार. त्या दिवशी मात्र तो बराच वेळ नुसता दाढी कुरवाळत बसला.

"आजारी पडायच्या आधी त्यानं हे पुरं करून दिलं होतं," शेवटी तो म्हणाला. "एका तबकडीपुरतं आहे. काढू या, ताई. तो गेला म्हणून नाही. चांगलं आहे म्हणून."

ऐकलं. पहिली बाजू नेहमीची, तयारीची. दुसऱ्या बाजूला मात्र माझा हात चहाच्या कपावरच राहिला. ठोका लंगडतोय, खाली बेस घुटमळतोय आणि वर एक बारीक, उडता गळा. तुकडे तुकडे केलेला. "ये... ये की... ये..." असा इकडून तिकडे बागडतोय. मध्यावर ड्रम एकदम थांबतात. त्या शांततेत तो गळा एक अख्खं वाक्य म्हणतो, इतक्या भरभर की शब्द लागत नाहीत. मग एक पोकळी. आणि पुन्हा ड्रम.

"गळा कुणाचा?" मी विचारलं.

"त्याचाच. दुसऱ्या कुणाचा असणार? बाईला गायला बोलवायचं तर त्याला तोंड उघडावं लागलं असतं."

मला हसू आलं आणि पटलंही. या धंद्यात हे सर्रास चालतं. पुरुषाचा आवाज घ्यायचा, वेग वाढवायचा, की तो मुलीसारखा पातळ होतो. इतकी वर्षं हेच कापत आल्यानं पातळ गळा कानावर पडला की मी आपली धरूनच चालते, असेल कुणीतरी बाप्या. मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची तबकडी तेहतीसवर लावली की तो बाप्या खाली उतरतो. म्हणजे घुम्या यात होता! आईला हवा होता तो आवाज माझ्यासमोर वाजत होता. मी तिथल्या तिथे आईला फोन केला. "सापडला," म्हटलं. "तबकडी छापून येऊ दे, तुझ्या हातात देते आणि ऐकवते."

लगेच हळू करून ऐकायला काय झालं होतं? काही नाही, छाती झाली नाही. आईशिवाय एकटीनं तो आवाज ऐकायची मला भीती वाटली.

मग कापायला घेतलं. कापण्याआधी मी प्रत्येक चाल साफ करते, ती माझी ख्याती आहे. मधल्या शांततेतलं ते वाक्य संपतं, तिथे त्या पोकळीच्या तोंडाशीच एक कचरा होता. टक्. डोळ्यांत कुसळ जावं एवढा. कुठलातरी कट जरा उशिरा बसला की छाटलेल्या आवाजाचं शेपूट असं मागे राहतं. यावरून आमचं कायम भांडण व्हायचं. मी साफ करायला गेले की तो मागून म्हणायचा, "राहू दे." मी म्हणायचे, "घाण आहे ती." तो म्हणायचा, "राहू दे." या खेपेला स्टूल रिकामं होतं. मी तो कचरा पुसला, अगदी मागमूस राहिला नाही असा पुसला. मनात म्हटलं, बाळा, तुझं शेवटचं काम आहे, त्यावर डाग नको.

कारखान्यातून चाचणीची तबकडी आली तशी आईला कामाच्या खोलीवर घेऊन आले. तिनं ठेवणीतले कपडे घातले होते, केस नीट बांधले होते. कुणाच्या तरी घरी जायचं असावं तशी. घुम्याच्याच स्टुलावर बसली. दाढी मागे दाराशी उभा.

आधी मी दुसरी बाजू जशी आहे तशी लावली. आईनं जरा ऐकलं आणि कपाळाला आठी घातली. "हा? हा माझा मुलगा? हे तर उंदीर कोंडल्यासारखं वाटतंय."

दाढी खो खो हसला. मलाही हसू आवरेना. "थांब गं, खाली आणते," मी म्हटलं. मध्याची शांतता सुरू व्हायच्या जरा आधी सुई ठेवली आणि वेग तेहतीसवर आणला. ड्रम जड झाले, ओढत ओढत थांबले. आणि शांततेत आवाज आला,

"ये की रे. गार होतंय सगळं."

बाईचाच आवाज. मला वाटलं, अजून खाली न्यायला हवा, म्हणून माझा हात वेगाच्या दांडीकडे गेला. आईनं माझं मनगट पकडलं.

"थांब. मी आहे ही."

मी सुई मागे घेतली. पुन्हा लावलं. ये की रे. गार होतंय सगळं. मागे भांड्याचा आवाज, ओट्यावर पळी ठेवल्याचा. जो आवाज जन्मल्यापासून ऐकतेय तो मला ओळखू आला नव्हता, आणि मी म्हणे कानांवर पोट भरते! त्या कार्ट्यानं भिंतीपलीकडून आईची हाक टिपली होती, वेग वाढवून नाचायला लावली होती आणि कोरं लेबल लावून जगात पाठवायला काढली होती.

आईचा चेहरा पडला. इतका, की मला तिच्याकडे बघवेना. "माझा आवाज घेऊन मी काय करू गं?" ती म्हणाली. "माझा तर आहेच माझ्याजवळ."

दाढीनं मान खाली घातली. "मला वाटलं, त्याचाच आहे, आई. चुकलं माझं."

आई अचानक ताठ बसली. "आणि पुढे?"

"पुढे काय?"

"मी हाक मारली, त्यापुढे काय? लाव परत." मी लावलं. हाक आली. पोकळी आली. ड्रम आले. आई म्हणाली, "हे बरोबर नाही. मी हाक मारली आणि तो गप्प राहिला, असं एक दिवस झालेलं नाही. येत नव्हता, ते खरं. पण ओ द्यायचा. प्रत्येक वेळी ओ द्यायचा."

त्या पोकळीच्या तोंडाशी मी काय पुसलं होतं, ते मला दिसलं.

दाढीनं आणून दिलेलं मूळ अजून माझ्या संगणकावर होतं. तेच उघडलं. ती जागा शोधली आणि तेहतीसच्या वेगाइतकं हळू केलं. ये की रे. गार होतंय सगळं. आणि मग,

"आ"

एवढंच. "आलो"मधला "आ". पुढचा "लो" त्यानं छाटलेला, कारण तिथे त्याला शांतता हवी होती. हाक ठेवली आणि स्वतःला काढून टाकलं, अगदी त्याच्या स्वभावाला धरून. पण कट केसभर उशिरा बसला आणि एवढा "आ" मागे राहिला. कंटाळलेला, लाडावलेला, खुर्चीतून उठायची मुळीच इच्छा नसलेला. घुम्याचा. त्यात शंकेला जागाच नव्हती. मुद्दाम ठेवला असेल की राहून गेला असेल? ते आता विचारायचं कुणाला!

आई पुढे झाली आणि तिनं स्पीकरवर हात ठेवला. लहान मुलाचा ताप बघतात तसा. "परत," ती म्हणाली. मी परत लावलं. "परत." किती वेळा लावलं असेल देव जाणे. दाढी दाराशीच खाली बसला होता आणि तोंडावर हात धरून रडत होता, एवढा धिप्पाड बाप्या.

"आई, मी पुसला होता गं तो," मी म्हटलं. माझाही बांध फुटला. "मला कचरा वाटला. मी स्वतःच्या हातानं पुसला."

"तुला काय ठाऊक बाळा," आई म्हणाली. मग चाचणीच्या तबकडीकडे बोट दाखवून म्हणाली, "यात नाही ना तो?"

"नाही."

"आणि अशाच सगळ्या छापणार?"

"हो. साचा तयार आहे."

आईनं डोळे पुसले आणि मी फक्त लहानपणी ऐकलेल्या आवाजात म्हणाली, "मग हे चालणार नाही. सगळीकडे नुसती माझी हाक ऐकू जायची आणि वाटायचं, पोरगा ओ देत नव्हता. माझा पोरगा तसा नव्हता."

दाढीनं नाक पुसत एकदा सांगून बघितलं. साचा झालाय, दुकानांना तारीख कळवलीय, आणि खरं सांगायचं तर नाचताना तो "आ" कुणाच्या कानावरसुद्धा पडणार नाही. पडलाच तर टक् म्हणूनच पडेल.

"तारीख गेली खड्ड्यात," मी म्हटलं. "तो साचा मोडायला सांग. मी नवी प्लेट कापते."

"मी कुठे नको म्हणतोय?" दाढी म्हणाला. "काप तू."

आईसमोरच कापली. तिनं माझं काम कधी पाहिलं नव्हतं. प्लेट फिरत होती, कापणारी सुई तिच्यात उतरत होती, कोरताना निघालेला लॅकरचा काळा दोरा नळीतून ओढला जात होता, आणि आई श्वास रोखून बघत होती. ती जागा आली तेव्हा मी फक्त तिच्या गुडघ्यावर थाप मारली. नंतर प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली धरून तिला ती खाच दाखवली. आधी हाकेच्या लाटा, मग एक बारीकसा हेलकावा आणि पुढे सरळ, गुळगुळीत रेघ.

"एवढासा?" ती म्हणाली.

"एवढासाच."

"मोठा होता गं तो," आई म्हणाली आणि पुन्हा भिंगाला डोळा लावला.

साच्यासाठी कापलेली प्लेट वाजवायची नसते, सुईनं ती बिघडते. म्हणून आईसाठी मी आणखी एक वेगळी कापली आणि तिला दिली.

तबकडी निघाली. कोरं लेबल, ना नाव, ना गाव. गाजली. कुठल्या कुठल्या तळघरांत लोक एकमेकांच्या गळ्यात हात टाकून तिच्यावर नाचतात, असं दाढी सांगतो. लोकांना ती कुणाच्या तरी प्रेमाची विनवणी वाटते. वाटू दे, चुकीचं नाही ते. तक्रारीही आल्या. दुसऱ्या बाजूला मध्यावर टक् वाजतं, छपाई बिघडलीय का? एकानं तर लिहिलं की कापणाऱ्या बाईंना आता नीट ऐकू येत नसावं. दाढीनं मला विचारलं, काय उत्तर देऊ?

"लिही, राहू दे," मी म्हटलं.

परवा दुपारी आईकडे जेवायला गेले. त्याचा तबकडी वाजवायचा डबा तिनं स्वयंपाकघरात आणून ठेवलाय आणि वेगाची दांडी स्वतः तेहतीसवर करायला शिकलीय. मध्यावर नेमकी सुई ठेवते, माझ्यापेक्षा अचूक. मी म्हटलं, "आई, ही मऊ प्लेट आहे, रोज लावलीस तर झिजेल." ती म्हणाली, "झिजली की तू दुसरी देशील." आणि ओट्याकडे वळून भाजी हलवू लागली.

ये की रे. गार होतंय सगळं.

आ.

"हो," आई मागे न बघता म्हणाली, "नुसतं आलो आलो म्हणतोस, येत काही नाहीस."

मग ड्रम सुरू झाले. तिनं एक ताट वाढलं आणि दुसऱ्या ताटानं झाकून ठेवलं.